मल्टिपल स्क्लेरोसिस : शक्तीचा रोजमेळ आणि आनंदाची शिल्लक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



धार्मिक संस्थांच्या आरोग्यविषयक व्याख्यानांतून मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार हे विषय वारंवार येतात आणि ते यावयासच हवेत. परंतु आजच्या व्याख्यानाचा विषय असलेल्या व्याधीचे नाव बहुतेक घरांत प्रथमच ऐकले जाते, आणि तेही घरातील एखाद्या तरुण मुलीचे, सुनेचे किंवा नुकत्याच दुकानावर बसू लागलेल्या मुलाचे निदान झाल्यानंतर. मल्टिपल स्क्लेरोसिस हे ते नाव. डॉक्टर मंडळी सोयीसाठी त्यास एम.एस. म्हणतात. जगात सुमारे २९ लाख लोक या व्याधीसह जगत आहेत. बहुतेकांचे निदान विशी ते चाळिशीच्या दरम्यान होते आणि स्त्रियांमधील प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळते. शिक्षण, व्यवसाय, विवाह आणि संसार यांची मांडणी चालू असते, नेमक्या त्याच वयात ही व्याधी येते.

हा आजार समूळ बरा करणारे औषध आजमितीस नाही. हे सत्य आरंभीच सांगितलेले बरे, कारण त्यानंतर उरणारा प्रश्नच खऱ्या अर्थाने महत्त्वाचा आहे. बऱ्या न होणाऱ्या आजारासह चांगले आणि आनंदाने जगता येते काय? येते. मात्र ते केवळ धीराच्या गोड शब्दांनी साधत नाही. त्यासाठी आजाराचा स्वभाव ओळखावा लागतो, रोजच्या शक्तीचा काटेकोर हिशेब ठेवावा लागतो, आणि सभोवतालच्या माणसांना त्या हिशेबावर विश्वास ठेवावा लागतो. या तीनपैकी तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे.

प्रथम स्वभाव. विजेच्या तारेवर जसे वेष्टण असते, तसे मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. या व्याधीत शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती त्या आवरणावर हल्ला करते. आवरण जेथे झिजते तेथून संदेश मंदावतो, भरकटतो किंवा थांबतो. डोळ्याच्या चेतातंतूवर हल्ला झाला तर एका डोळ्याने धूसर दिसू लागते. मज्जारज्जूत झाला तर पायांस मुंग्या येतात, तोल जातो, लघवीवरील ताबा डळमळतो. सुमारे ८५ टक्के रुग्णांत आरंभी हे झटके येतात, काही दिवस वा आठवडे राहतात आणि पूर्णतः किंवा अंशतः ओसरतात. पुढे काहींच्या बाबतीत अपंगत्व हळूहळू वाढते, तर काही जण दशकानुदशके चालते-फिरते राहतात. उरलेल्या सुमारे १५ टक्के रुग्णांत मात्र आजार पहिल्यापासूनच संथपणे वाढत जातो. कोणाच्या वाट्यास काय येईल, हे निदानाच्या दिवशी कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. अनिश्चितता हेच या आजाराचे पहिले लक्षण म्हटले तरी चालेल.

ही व्याधी नवीन नाही. इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज यांचे नातू सर ऑगस्टस डेस्टे यांनी लिहून ठेवलेली रोजनिशी आज उपलब्ध आहे. डिसेंबर १८२२ मध्ये, ज्यांच्यावर त्यांचे पुत्रवत प्रेम होते अशा एका व्यक्तीच्या अंत्यविधीस ते स्कॉटलंडमध्ये उपस्थित राहिले आणि त्यानंतर लवकरच त्यांना पत्रे वाचता येईनाशी झाली. काही काळाने कोणत्याही औषधाविना दृष्टी परतली. पुढील अडीच दशके असे झटके, सुधारणा आणि पुन्हा घसरण यांची नोंद ते करीत राहिले. १८४८ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्यास झाले आहे तरी काय, हे त्यांना कधीच कळले नाही, कारण पॅरिस येथील डॉक्टर जाँ-मार्तँ शार्को यांनी या आजाराची स्वतंत्र ओळख पटवून दिली ती १८६८ साली. नाव नसलेले दुःख पंचवीस वर्षे वाहणे कसे असेल, याची कल्पना करावी. आज एम.आर.आय. तपासणीमुळे अनेकांचे निदान पहिल्या-दुसऱ्या झटक्यातच होऊ शकते. निदान ऐकून घर कोसळते हे खरे. परंतु न कळण्यापेक्षा कळणे निश्चितच बरे.

कारणाविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे, कारण या प्रश्नावरून घराघरांत पुष्कळ दुखापती होतात. अमेरिकेच्या सैन्यदलातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवर आधारित असे एक संशोधन २०२२ साली प्रसिद्ध झाले. एप्स्टाइन-बार नावाच्या विषाणूचा संसर्ग होऊन गेल्यानंतर या आजाराची शक्यता सुमारे ३२ पटींनी वाढते, असे त्यात आढळले. तथापि हा विषाणू जगातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतोच आणि एम.एस. मात्र फारच थोड्यांना होतो. अनुवंशाची घडण, ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान अशा अनेक गोष्टी एकत्र येऊन हा आजार उद्भवतो. तो एकाकडून दुसऱ्याकडे पसरत नाही. तो आईच्या चुकीने होत नाही, सुनेच्या पायगुणाने होत नाही. राहता राहिला कर्माचा विचार. कर्मसिद्धांताचा आधार रुग्णाने स्वतःच्या समाधानासाठी घेणे वेगळे, आणि भेटीस आलेल्या शेजाऱ्याने तो रुग्णास ऐकविणे वेगळे. पहिल्याने बळ मिळते. दुसऱ्याने केवळ जखम होते.

आता हिशेबाकडे वळू. एम.एस.च्या रुग्णांस सर्वाधिक त्रास कशाचा होतो, असे विचारले तर अनेक जण लुळेपणाचे नव्हे, थकव्याचे नाव घेतात. हा थकवा दिवसभर काम केल्यावर येणाऱ्या शिणवट्यासारखा नसतो. रात्रभर झोप होऊनही सकाळी दहा वाजता अंगातील सारे त्राण ओसरते, शब्द आठवत नाहीत, हातातील भांडे जड वाटते. आणि हे बाहेरून कोणालाही दिसत नाही. 'दिसतेस तर चांगली, मग झोपून का आहेस?' हा प्रश्न विचारणाऱ्या जाऊबाईंचा हेतू वाईट नसतो. पण याच प्रश्नाने रुग्ण एकटी पडते. कुबडी असलेल्या माणसास बसावयास जागा मिळते. न दिसणाऱ्या थकव्यास ती मिळत नाही.

व्यापारी कुटुंबांना रोजमेळ नवा नाही. रोजची जमा किती, खर्च किती आणि संध्याकाळी शिल्लक किती, हे ज्यांच्या रक्तात आहे त्यांना या रुग्णाची दिनचर्या लवकर समजावयास हवी. निरोगी माणसाच्या पेढीवर सकाळी भरपूर मुद्दल असते आणि थोडी उधळपट्टी झाली तरी रात्रीच्या झोपेने भरपाई होते. एम.एस.च्या रुग्णाचे मुद्दल मोजके असते, ते दररोज सारखे नसते, आणि आज उधार घेतलेल्या शक्तीचे व्याज पुढील दोन दिवस फेडावे लागते. म्हणूनच सर्व कामे थोडी थोडी करण्याचा हट्ट घातक ठरतो. स्वयंपाक बसून करता येतो. भाजी निवडणे आणि चिरणे यांत विश्रांती ठेवता येते. स्नानासाठी मोरीत स्टूल ठेवता येते. दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती थकवा येण्याअगोदर घ्यावयाची असते, नंतर नव्हे. आणि अशा रीतीने वाचविलेली शक्ती कोठे खर्च करावयाची, हे ठरविण्याचा अधिकार रुग्णाचाच असावा. कोणास मुलाचा अभ्यास घ्यावयाचा असेल, कोणास सकाळच्या पूजेस जावयाचे असेल, कोणास नुसते गच्चीत बसून मैत्रिणीशी तासभर बोलावयाचे असेल. घरच्यांच्या दृष्टीने 'आवश्यक' कामांत सारी शक्ती संपवून आवडीच्या गोष्टीसाठी काहीच न उरणे, ही या आजारातील खरी दिवाळखोरी होय. लादी पुसणे दुसऱ्या कोणासही करता येते; मुलाच्या वहीवर तिने लिहिलेला शेरा दुसरे कोणी लिहू शकत नाही.

या हिशेबात हवामानासही खाते उघडावे लागते. शरीराचे तापमान किंचित वाढले तरी आवरण गमावलेल्या चेतातंतूंतून संदेश नीट जात नाही आणि जुनी लक्षणे तात्पुरती बळावतात. जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उठॉफ यांनी १८९० मध्ये हे निरीक्षण नोंदविले. विदर्भ, खानदेश आणि मराठवाडा येथील वैशाखात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा रुग्णास आजार वाढल्याचा भास होऊन घरात घबराट उडते. यात नव्याने इजा झालेली नसते; शरीर थंड झाले की लक्षणे ओसरतात. ओले उपरणे मानेभोवती ठेवणे, कूलरसमोर बसणे, बाहेरची कामे सकाळी आठच्या आत उरकणे, कढत पाण्याने स्नान टाळणे, एवढ्या साध्या उपायांनी उन्हाळा सुसह्य होतो. मात्र त्रास २४ तासांहून अधिक टिकला, किंवा ताप अथवा लघवीचा जंतुसंसर्ग असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

थकवा येतो म्हणून व्यायाम वर्ज्य, असे वैद्यकशास्त्रही एके काळी मानीत असे. हा समज बदलण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते जिमी ह्यूगा हे कोणी डॉक्टर नव्हते. १९६४ साली इन्सब्रुक येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरील स्कीइंगच्या स्लॅलम शर्यतीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. अल्पाइन स्कीइंगमध्ये ऑलिंपिक पदक मिळविणारे बिली किड आणि ते, हे पहिले दोन अमेरिकन पुरुष. १९७० साली ह्यूगा यांना एम.एस.चे निदान झाले आणि श्रम टाळून शांत राहावे, असा सल्ला मिळाला. काही वर्षे त्यांनी तो पाळला. शरीर सैल पडत गेले आणि मनही. मग त्यांनी सायकल, पोहणे आणि ताण देण्याचे व्यायाम आपल्या ताकदीच्या बेताने सुरू केले. आजार त्यामुळे गेला नाही, पण प्रकृती सुधारली. आजार आणि प्रकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही जाणीव त्यांच्या साऱ्या कार्याच्या मुळाशी होती. १९८४ मध्ये त्यांनी कोलोरॅडोत एम.एस.च्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी केंद्र काढले. १९९६ साली अमेरिकेतील युटा येथे १५ आठवड्यांचा व्यायाम करवून घेऊन झालेल्या अभ्यासातही रुग्णांची क्षमता आणि मनःस्थिती सुधारल्याचे आढळले. पुढे ह्यूगा यांना चाकांची खुर्ची घ्यावी लागली. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर निदानाला चाळीस वर्षे झाली होती. चाकांची खुर्ची म्हणजे त्यांचा पराभव, असे म्हणणारास ही गोष्ट समजलीच नाही असे म्हणावे लागेल.

परंतु प्रत्येक रुग्णाने ह्यूगा व्हावे, अशी अपेक्षा ठेवणे हाही एक जुलूमच होय. इंग्लंडच्या चेलोवादक जॅकलिन द्यु प्रे यांचे उदाहरण यासाठी आठवावे. चेलो हे व्हायोलिनच्या कुळातील, बसून वाजवावयाचे मोठे तंतुवाद्य. वयाच्या विसाव्या वर्षी, १९६५ मध्ये, त्यांनी एल्गार यांच्या चेलो काँचेर्टोचे जे ध्वनिमुद्रण केले, ते आजही जगभर ऐकले जाते. पुढे बोटांची संवेदना जाऊ लागली. तार कोठे आहे हे स्पर्शाने कळेना, म्हणून डोळ्यांनी पाहून बोट ठेवावे लागे. १९७३ मध्ये निदान झाले आणि वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी वादन थांबले. त्यानंतरची चौदा वर्षे सुखाची होती असे म्हणणे असत्य ठरेल. आजार वेगाने वाढला, खिन्नताही पुष्कळ आली. तरीही जोवर शक्य होते तोवर त्यांनी विद्यार्थ्यांना शिकविले, आणि प्रोकोफिएव्ह यांच्या 'पीटर अँड द वुल्फ' या संगीतकथेचे निवेदन स्वतःच्या आवाजात केले. हात गेले तेव्हा कान आणि वाणी शिल्लक होती. तेवढ्यावर त्यांनी संगीताशी नाते राखले. १९८७ साली वयाच्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

खिन्नतेचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या आजारात मनाची उदासी अत्यंत सामान्य आहे, आणि ती केवळ परिस्थितीमुळे येते असे नाही. मेंदूतील इजेचाही तीत वाटा असतो. तिच्यावर औषध आणि समुपदेशन यांचा उपयोग होतो. 'धर्मात मन रमव, सर्व ठीक होईल,' हा उपदेश त्या उपचारास पूरक ठरेल, पर्याय नव्हे. आनंदी राहणे हे रुग्णाचे कर्तव्य आहे, असा भार तर तिच्यावर मुळीच टाकू नये. रडण्याची मोकळीक असलेल्या घरातच हसणे टिकते.

औषधांच्या बाबतीत मात्र गेल्या तीन दशकांत चित्र पालटले आहे. १९९३ साली अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा या पहिल्या औषधास मान्यता मिळाली. त्यानंतर गोळ्या, शिरेतून देण्याची औषधे असे अनेक पर्याय आले. ती झालेली इजा भरून काढीत नाहीत, परंतु नव्या झटक्यांची संख्या घटवितात, आणि उपचार जितका लवकर सुरू होईल तितका लाभ अधिक. काही औषधे महाग आहेत. कोणते घ्यावयाचे हे मज्जाविकारतज्ज्ञांनीच ठरवावे. याच ठिकाणी चमत्काराच्या बाजारापासून सावध राहावयास हवे. मानेतील शिरा अरुंद झाल्याने एम.एस. होतो, असा सिद्धांत २००९ मध्ये इटलीतील एका डॉक्टरांनी मांडला. त्या शिरा रुंद करून घेण्यासाठी परदेशांतील कितीतरी रुग्ण मोठा खर्च करून भारतासह अनेक देशांत गेले. पुढे पद्धतशीर चाचण्या झाल्या आणि त्या उपचाराने लाभ होत नाही, असे दिसून आले. आजार आपोआप ओसरण्याच्या काळात घेतलेला कोणताही काढा गुणकारी वाटतो, हे डेस्टे यांच्या दृष्टीची हकीकत आठवली की सहज ध्यानात येईल.

तपाविषयी अनेक रुग्णांच्या मनात शंका असते. कडक उन्हाळ्यात पाण्याशिवाय केलेला उपवास या आजारात त्रासदायक ठरू शकतो. पाणी कमी झाले की थकवा वाढतो. लघवीच्या घाईच्या भीतीने अनेक भगिनी दिवसाही पाणी पिणे टाळतात, त्याने जंतुसंसर्गाचा धोका उलट वाढतो. पाणी दिवसभर थोडे थोडे घ्यावे आणि निजण्यापूर्वी कमी करावे, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. चौविहार पाळणाऱ्यांस तो मानवण्यासारखाच आहे. फक्त रात्रीच्या गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावी, परस्पर गोळी वगळू नये. पच्चक्खाणात आजारपणासाठी आगार ठेवलेले आहेत, हे साधु-साध्वीजींकडून समजून घेतल्यास मनावरील ओझे उतरते. शाकाहारात ब-१२ जीवनसत्त्व अपुरे पडू शकते आणि त्याच्या अभावानेही मुंग्या व तोल जाणे ही लक्षणे दिसतात, म्हणून ती तपासणी चुकवू नये. घरच्यांसाठी एवढेच, की अंतरंग तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्त्याची गणना आहे.

आता विवाहाचा प्रश्न. समाजात या आजाराविषयी सर्वाधिक मौन येथेच पाळले जाते. मुलीचे निदान झाले की ते लपवावे, असे आईवडिलांना वाटते, आणि त्यामागील भीती समजण्यासारखी आहे. पण लपविलेल्या आजारास औषधही लपूनच घ्यावे लागते. शीतकपाटात ठेवावयाचे इंजेक्शन सासरी कोठे ठेवणार? त्यातून उपचार चुकतात, झटका येतो, आणि तेव्हा आजारापेक्षा फसवणुकीचा आरोप मोठा होऊन बसतो. सत्य सांगण्यासारखे पुष्कळ आहे. हा आजार असलेल्या स्त्रिया माता होऊ शकतात. गर्भारपणात झटके सहसा कमी होतात आणि प्रसूतीनंतरच्या काही महिन्यांत वाढू शकतात, म्हणून गर्भधारणेचा विचार होताच औषधांबाबत डॉक्टरांशी बोलावे. आईवडिलांपैकी एकास एम.एस. असताना अपत्यास तो होण्याचा संभव शंभरात दोन-तीन इतकाच असतो. ही माहिती ऐकूनही जे स्थळ नकार देते, ते पुढे झटक्याच्या रात्री जागले नसते. आणि जे होकार देते, तेथे मुलीस पहिल्या दिवसापासून आपली गोळी सर्वांसमोर घेता येते. हे स्वातंत्र्य दागिन्यांहून मोलाचे आहे.

एकट्याने हा भार वाहण्याचे कारणही नाही. स्वतः या आजाराने ग्रस्त असलेल्या रेहमत फजलभॉय यांनी १९८५ साली मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. तिच्या शाखांतून रुग्णांना मार्गदर्शन आणि एकमेकांची सोबत मिळते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा स्वतंत्र उल्लेख आहे. अपंगत्व ४० टक्के वा अधिक असल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यास त्यावर आधारित सवलतींसाठी अर्ज करता येतो. प्रमाणपत्र घेणे म्हणजे कपाळावर शिक्का मारून घेणे, अशी समजूत करून घेऊन अनेक सुशिक्षित कुटुंबे हा हक्क सोडून देतात.

राहिला धर्मस्थानांचा विषय. मंदिराच्या पायऱ्यांस एका बाजूने कठडा असावा. प्रवचनाच्या सभागृहात मागील भिंतीलगत पाठ असलेल्या दहा-बारा खुर्च्या असाव्यात आणि त्यांवर बसणारी व्यक्ती तरुण दिसली तरी तिला कारण विचारू नये. स्वच्छतागृह सभागृहाजवळ, तळमजल्यावर आणि कुलूप न लावलेले असावे; एम.एस.चे अनेक रुग्ण केवळ या एका अडचणीपायी पर्युषणातील व्याख्यानांस येणे सोडून देतात. पंख्याखालची जागा आधी त्यांना द्यावी. आणि आठ दिवसांपैकी तीनच दिवस येऊ शकलेल्या भगिनीस उरलेल्या पाच दिवसांविषयी न विचारता, त्या तीन दिवसांत काय ऐकले ते विचारावे.